घासलेला बिल्ला

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी ऑफिसातून घरी आले तेव्हा ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून आईने घासलेली भांडी पालथी घातली होती. समई, ताम्हन, पळी, घंटा, दोन निरांजनं, बाबांचा पितळी ओळंबा. आणि ओळंब्याला टेकून ठेवलेला माझा बिल्ला. सकाळी निघताना तो माझ्या टेबलावर होता. तपकिरी, जवळजवळ काळा, अक्षरांच्या खाचांमध्ये हिरवा कळंक धरलेला. आता तो नुकत्याच घासलेल्या परातीसारखा चमकत होता. आधी चिंच-मीठ, मग रांगोळी, मग कोरडं फडकं हा आईचा ठरलेला क्रम, आणि त्यात तिने कुठेही हात राखला नव्हता. “किती कळकट झाला होता गं,” ती म्हणाली. “उद्या हत्यारांच्या पूजेत ठेवू. पोलिसाचा आहे ना तो?”

मी “हो” म्हटलं आणि हातपाय धुवायला गेले. न्हाणीत नळ सोडून बराच वेळ नुसती उभी राहिले.

ज्यांना हा नाद नाही त्यांना यात उभं राहण्यासारखं काय ते सांगून समजणार नाही. जुने बिल्ले जमवणारा माणूस पहिला धडा शिकतो तो हाच, की वस्तू घासायची नाही. पितळेवर ऐंशी-नव्वद वर्षांत जो रंग चढतो तो त्या वस्तूचा जन्मदाखला असतो. नकली बिल्ल्याला रंग देता येतो. कुणी तो तेजाबात बुडवतो, कुणी ओल्या मातीत पुरून ठेवतो, कुणी बुटाचं पॉलिश चोळतो. पण तो रंग सगळीकडे एकसारखा बसतो आणि ओल्या फडक्याला लागतो. खरा रंग असमान असतो. जिथे हात लागला तिथे फिका, जिथे हात पोचला नाही तिथे गडद, आणि खाचेच्या तळाशी जवळजवळ हिरवा. हे सगळं एका दुपारी चिंचेने जातं आणि परत यायला माणसाचं आख्खं आयुष्य लागतं. मी रात्री दादरच्या एका ज्येष्ठ संग्राहकांना फोन केला. त्यांच्याकडूनच मी हे सगळं शिकले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “आईंना काही बोलला नाहीत ना? बोलू नका.” त्यांनी माझं सांत्वन केलं नाही हे मला त्या वेळी बरं वाटलं.

बिल्ला मी दोन वर्षांपूर्वी घेतला होता, चोरबाजारात. मटण स्ट्रीटच्या दुकानांत नव्हे, शुक्रवारी पहाटे आजूबाजूच्या गल्ल्यांत जो फुटपाथवरचा बाजार भरतो त्यात. उजाडायच्या आत जावं लागतं. ताडपत्रीवर फोनच्या डायली, कॅमेरा नसलेल्या लेन्सा, कुलपं नसलेल्या किल्ल्यांचे जुडगे, एकेकटे बूट, आणि त्यांवर फिरणारे मोबाइलच्या टॉर्चचे गोल. चहाच्या वाफेत धूप आणि मशीन ऑइल असा मिसळलेला वास. एका म्हाताऱ्या विक्रेत्यापुढे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात बिल्लेच बिल्ले. स्काउटचे, हमालांचे, गिरण्यांचे, कुठल्याशा शाळेच्या मॉनिटरचा. मी तळाशी हात घातला तेव्हा बोटांना आधी नांगर लागला. “नेव्ही पोलीस का है,” तो म्हणाला, “बगावत के टाइम का.” आठशे सांगितले, साडेचारशेला दिला. बगावतीचं नाव घेतलं की किंमत वाढते हे त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या तोंडून तो शब्द निघाला आणि मी बिल्ला मुठीत मिटला, हेही खरं आहे. त्याला कारण होतं. ते पुढे सांगते.

तळहातात मावेल एवढा लंबगोल. वर मुकुट, मधे दोर गुंडाळलेला नांगर, खाली कमानीत इंग्रजी अक्षरांत ‘पोलीस’. मागे तांब्याच्या दोन कड्या, डाख देऊन बसवलेल्या. एवढंच. नाव नाही, साल नाही, बनवणाऱ्याची खूण नाही.

अशा मुक्या वस्तूला बोलतं करायचं तर सुरुवात मुकुटापासून करायची. ब्रिटिश मुकुट सगळे सारखे वाटतात, पण नसतात. १९०१ नंतर एडवर्ड राजाच्या काळापासून जो मुकुट बिल्ल्यांवर आला त्याच्या कमानी घुमटासारख्या गोल चढत जातात. १९५३ मध्ये एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला आणि नव्या बिल्ल्यांवरच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खचल्या, दोन खांद्यांमध्ये मान असावी तशा. संग्राहक पहिल्याला राजाचा आणि दुसऱ्याला राणीचा मुकुट म्हणतात आणि अंधारात बोटाने चाचपूनही फरक सांगतात. माझ्या बिल्ल्यावरचा मुकुट राजाचा. म्हणजे इंग्लंडमध्ये असता तर १९०१ ते १९५२. पण तो आपल्याकडचा असेल तर रेघ अलीकडे ओढावी लागते, कारण २६ जानेवारी १९५० ला आपल्या नौदलाच्या नावातलं ‘रॉयल’ गेलं आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. या तारखेजवळ मी नेहमी अडखळते. १५ ऑगस्ट १९४७ पासून पुढची जवळजवळ अडीच वर्षं देश स्वतंत्र होता आणि खलाशाच्या कपाळावर राजाचा मुकुट होताच. १९४८ मध्ये ब्रिटनकडून घेतलेली क्रूझर ‘दिल्ली’ म्हणून मुंबईत आली तेव्हा तिच्या नावामागेही ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’ हीच अक्षरं होती. इतिहासाच्या पुस्तकात मध्यरात्री सगळं पालटतं. बिल्ल्यांचं तसं नसतं. ते जुने झाल्यावर, साठा संपल्यावर, नवे साचे तयार झाल्यावर पालटतात.

मग नांगर. नांगराला दोर गुंडाळलेला ही इंग्लंडच्या आरमारप्रमुखाची सोळाव्या शतकापासूनची खूण, आणि तिथून ती जगभरच्या नौदलांत पसरली. मी ती इतक्या वेळा पाहिली होती की तिच्याकडे बघायचंच विसरले होते. एकदा ससून डॉकला माझ्या ओळखीच्या एका तांडेलांना मोबाइलवर फोटो दाखवला. कुलाब्याच्या कोळीवाड्यातले, पासष्टीचे. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि म्हणाले, “नांगर गुंतलाय की हा.” मी म्हटलं, हो, तशीच खूण असते. “गुंतलेला नांगर कुणी मिरवतो का? दोर असा पडला तर नांगर धरत नाही आणि वरही येत नाही. होडी जाते.” खरंच होतं ते. ज्याने कधी नांगर टाकला नसेल अशा माणसाला तो दोर शोभेचा वाटला असेल, आणि मग चारशे वर्षं समुद्रावरच्या लोकांनी ती गाठ आपल्या कपाळावर, बाहीवर, बटणांवर वागवली. तेव्हापासून मला त्या खुणेत एक अवघडलेपण दिसतं.

दोरावरून आठवलं. ब्रिटिश नौदलाच्या गोद्यांमध्ये जो दोर वळला जाई त्यात एक वेगळ्या रंगाचा धागा मुद्दाम घालत, आणि तो इतर धाग्यांच्या उलट पीळ देऊन घालत. दोर कुठेही सापडला, कापून तुकडे केलेला सापडला, तरी पीळ उकलला की तो धागा सांगे की हा माल राजाचा. त्याला ते लोक बदमाशाचा धागा म्हणत. मी माझ्या वहीत चोरधागा असं लिहिलं आहे. तांबं, लाकूड यांवर बाणाच्या फाळाची खूण ठोकत. गोदीतल्या सुतारांना कामावर पडलेले लाकडाचे ढलपे घरी न्यायचा जुना हक्क होता, आणि घरी न्यायचे म्हणून चांगल्या फळ्याही ढलप्यांएवढ्या कापल्या जात. १८०१ मध्ये तो हक्क काढून घेऊन त्याबदली भत्ता दिला. एवढं करूनही माल जायचा तो जातच होता. १८६० मध्ये शेवटी लंडनच्या मेट्रोपोलिटन पोलिसांनाच पोर्ट्समथ, डेव्हनपोर्ट, चॅटम, वुलिच, पेम्ब्रोक या गोद्यांवर पहाऱ्याला आणलं. त्यांतल्या शेवटच्या गोदीतून ते १९३४ मध्ये निघाले. लंडनचा पोलीस, काही ठिकाणी तर लंडनपासून शेकडो मैलांवर, समुद्राच्या काठी, सुतारांचे डबे उघडून बघत उभा. त्या माणसांचे बिल्ले महाग जातात. मी आजवर एकच हातात घेऊन पाहिला आहे, तोही दुसऱ्याचा.

म्हणजे ज्याला आपण सरसकट नौदलाचा पोलीस म्हणतो तो एक माणूस नाही. गोदीच्या फाटकावरचा वेगळा, जहाजावरचा वेगळा. जहाजावर शिस्त राखणारा तो मास्टर-ॲट-आर्म्स. हे फार जुनं पद. आधी तो खलाशांना बंदुका-तलवारी शिकवायचा, मग रात्री जहाजभर फिरून मेणबत्त्या विझल्यात का बघायचा, कैद्यांना बेड्या घालायचा, आणि हळूहळू पूर्ण वेळ पोलीस झाला. त्याच्या कापडी बिल्ल्यावर मुकुट आणि त्याभोवती लॉरेलच्या पानांचं कडं. त्याच्या हाताखालच्यांना खलाशी ‘क्रशर’ म्हणत. लंडनच्या गल्ल्यांतलं पोलिसाचं जुनं टोपणनाव, तेच जहाजावर चढलं. पण त्यांच्या बिल्ल्यावर ‘पोलीस’ असा शब्द नसे. तो शब्द ब्रिटनच्या नौदलाने अधिकृतपणे लावून घेतला तो या शतकात. त्यामुळे माझा लंबगोल कुणा मास्टर-ॲट-आर्म्सचा नाही. तो जमिनीवरचा आहे. कुठल्या तरी फाटकावर उभं राहणाऱ्या, पगारी, बहुधा इथल्याच माणसाचा.

इथल्याच, असं म्हणायला मला पुण्याच्या तांबट आळीतल्या एका आजोबांनी शिकवलं. मी बिल्ला घेऊन गेले तेव्हा ते पातेल्याच्या बुडावर मठार करत होते. त्या ठोक्यांच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून मी नुसता हात पुढे केला. त्यांनी बिल्ला पालथा केला, पुढची बाजू पाहिलीसुद्धा नाही. अंगठा मागून फिरवला. “ओतीव आहे,” ते म्हणाले. बर्मिंगहॅममधून येणारे बिल्ले ठशाचे असत. पोलादी ठशावर पत्रा दाबून काढलेले, त्यामुळे पुढे जे उठावाने दिसतं ते मागे खोलगट दिसतं आणि कडा सुरीसारख्या. ओतीव मागून सपाट असतो, रवाळ असतो, अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. आणि ठशाच्या बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतला असेल तर तो मूळापेक्षा किंचित लहान भरतो, कारण धातू निवताना आकसतो. संग्राहकांच्या पुस्तकी शहाणपणात ओतीव म्हणजे नकली. पण हिंदुस्थानात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धात, विलायतेचा माल वेळेवर पोचत नसताना कितीतरी पलटणींचे बिल्ले इथल्याच कारागिरांनी वाळूच्या साच्यात ओतले. ते अस्सल आहेत. माझा बिल्ला त्यांतला, असं मला वाटतं, आणि त्याचं रवाळपण मला बर्मिंगहॅमच्या सफाईपेक्षा जवळचं वाटतं. तांबट आजोबा म्हणाले, “घाईत ओतलाय. पण डाख चांगला दिलाय.” कुणा अनोळखी कारागिराला ऐंशी वर्षांनी दुसऱ्या कारागिराने दिलेली पावती मी जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली.

बिल्ला हा शब्द आपल्याकडे कसा रुळलेला आहे. हमालाचा बिल्ला, कंडक्टरचा बिल्ला, गोदी कामगाराचा बिल्ला, मोर्चातला छातीवरचा कागदी बिल्ला. त्याच्याही आधीचा शब्द चपरास. पट्ट्यावर लावायची पितळी पाटी म्हणजे चपरास, आणि ती लावतो तो चपराशी. मुंबईत त्याच माणसाला पट्ट्यावरून पट्टेवाला म्हटलं. माणसाचं नाव त्याच्या अंगावरच्या पितळेवरून पडलं आणि मग पितळ गेलं तरी नाव राहिलं. आज ऑफिसात चपराशी म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे ती पाटी येत नाही. मी हा नाद का लावून घेतला असं कुणी विचारलं की माझ्याकडे सरळ उत्तर नसतं, पण या एका शब्दापाशी मी दर वेळी येते.

काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे मी रजा टाकून काही दिवस बसले. मरीन खात्याचे बाड उघडले की धूळ आधी जिभेवर येते, मग नाकात. दगडी कोळशाचा हिशेब, दीपगृहांचं तेल, अमक्याच्या पेन्शनचा अर्ज. कारकुनाचं अक्षर इतकं सुरेख की मजकूर कितीही रुक्ष असला तरी वाचवत राहतं. माझ्या बिल्ल्याचा धनी तिथे भेटला नाही आणि तो भेटेल अशी आशाही मी धरली नव्हती. फाटकावरच्या माणसाबद्दल कागद तेव्हाच होतो जेव्हा तो चुकतो. जो तीस वर्षं न चुकता उभा राहिला त्याच्याबद्दल लिहायचं कारणच पडत नाही.

आता आजोबा.

माझे आईचे वडील, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू, दापोलीजवळच्या गावचे. रॉयल इंडियन मरीनच्या काळापासून रत्नागिरीचा पट्टा नौदलाला माणसं पुरवत आला होता. १९४२ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी अण्णाही भरती झाले, स्टोकर म्हणून. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांचं जहाज मुंबई बंदरात होतं. ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण तळावर १८ तारखेला खलाशांचा जो उठाव सुरू झाला तो बंदरभर पसरला. युनियन जॅक उतरवून काँग्रेसचे, लीगचे आणि लाल बावटे चढले, आणि २३ तारखेच्या सकाळी शरणागतीचे काळे. याबद्दल आम्ही मुलांनी कितीदा विचारलं तरी अण्णा डाळीतल्या खड्यांबद्दल बोलायचे. खडे किती मोठे, दात कसा हलला, हे हाताने दाखवून सांगायचे. पुढचं विचारलं की उठून खिडकीपाशी जायचे. त्यानंतर लवकरच ते नौदलातून सुटले आणि पोस्टात लागले.

मी सात वर्षांची असेन. अण्णा मला कुलाब्याला घेऊन गेले होते, बहुधा गेटवे बघायला. परतताना बसच्या रांगेकडे चालत होतो आणि समोरून नौदलाचे दोन पोलीस आले. पांढरा पट्टा, दंडावर पट्टी, बुटांचा एकसारखा आवाज. ते आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. पण अण्णांनी माझा हात सोडला. त्यांचा हात गळ्याशी गेला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि ते दोघे मागे जाईपर्यंत अण्णा ताठ उभे राहिले. नौदल सोडून त्यांना पस्तीस वर्षं झाली होती. मग त्यांनी पुन्हा माझा हात धरला आणि आम्ही निघालो. त्या बोटांना घाम होता. मी घरी कुणाला सांगितलं नाही. काय सांगायचं तेच मला कळलं नव्हतं.

चोरबाजारात ‘बगावत’ हा शब्द ऐकून मी मूठ मिटली ती या बोटांमुळे.

तर खंडेनवमीच्या आदल्या त्या रात्री आई झोपल्यावर मी दिवा लावून बिल्ला पुढे घेतला. हळहळ होतीच, आणि रागही होता, जो आईवर काढण्यासारखा नव्हता म्हणून जास्त टोचत होता. भिंग काढलं. पहिल्यांदाच मला तो बिल्ला नीट दिसला. मुकुटाच्या कमानींवर मण्यांची ओळ असते. उजवीकडचे मणी सुटे सुटे, मोजता येण्याजोगे, आणि डावीकडचे झिजून एक सरळ रेघ झालेले. नांगराचा डावा फाळ जवळजवळ सपाट. मी अंगठा टेकवला तर तो आपोआप एका उथळ खोलगट जागेत बसला. एका दुपारच्या रांगोळीने हे होत नाही. कुणीतरी हा बिल्ला डाव्या हातात धरून, उजव्या हाताने, रोज, वर्षानुवर्षं एकाच बाजूने घासला होता. कामावर जाण्याआधी, पहाटे, बहुधा चाळीच्या गॅलरीत किंवा बराकीच्या पायरीवर बसून. बिल्ला मळका दिसला तर त्याचं काय होत असेल याची कल्पना मी करू शकते. ज्या काळ्या-तपकिरी रंगाला मी जन्मदाखला समजत होते तो रंग त्या माणसाने एक दिवसही पाहिला नव्हता. तो चढला नंतर, अडगळीत, डब्यात, जेव्हा बिल्ला कुणाचाच नव्हता.

मग पालथा केला. मागच्या बाजूला, जिथे आधी नुसता मळ होता, तिथे टोकदार काहीतरी वापरून कोरलेला आकडा होता. ६३. त्यावर आडवी रेघ. खाली दुसऱ्या हाताने, जरा मोठ्या वळणाने, ११४.

म्हणजे माणसं दोन. एक गेला, सुटला, बदलला किंवा मेला, आणि त्याचं पितळ दुसऱ्याच्या पट्ट्यावर चढलं. हे आईने घासलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं, कारण मी ते कधीच घासणार नव्हते.

सकाळी पाटावर लाल कापड घालून आईने सगळं मांडलं. विळी, कात्री, बाबांचा ओळंबा आणि पटाशी, माझा लॅपटॉप, आणि मधोमध बिल्ला. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं एक फूल. तिचं बोट मुकुटाकडे गेलं तेव्हा मी नकळत पुढे झाले. राजाचा मुकुट तो. ज्या मुकुटाविरुद्ध त्या पाच दिवसांत अण्णांच्या जहाजावरचा झेंडा उतरला, त्याला आमच्या घरात कुंकू लागणार, हे मला झेपेना. आणि फाटकावर उभा राहून दुसऱ्यांचे डबे उघडणाऱ्या ६३ला आणि ११४ला कुंकू नको असं म्हणणंही जमेना. त्यांनाही घर असणार, त्यांच्याही बायकांनी खंडेनवमीला हेच पितळ पाटावर ठेवलं असणार. आईने मुकुट ओलांडला आणि बोट नांगरावर टेकवलं. तिने हे मुद्दाम केलं का, मी विचारलं नाही.

दुपारी जेवताना ती आपणहून म्हणाली, “अण्णांनीच शिकवलं मला पितळ घासायला. गोल गोल नाही घासायचं, एकाच दिशेने. गिरगावच्या खोलीची कडी आणि दारावरची नंबराची पाटी ते दर शनिवारी घासायचे. जहाजावर रोज सकाळी तेच काम असायचं म्हणे, डेकवरचं सगळं पितळ. आई वैतागायची, म्हणायची, दाराची कडी चमकवून कुणाला दाखवायची आहे? ते म्हणायचे, कुणाला नाही, हाताला सवय आहे.” तिने ताकाची वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. “काल तुझा बिल्ला घासताना मला सारखी त्या कडीची आठवण येत होती.”

माझ्या संग्रहातल्या प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असतं. मिळाल्याचं ठिकाण, धातू, माप, घडण, काळ, स्थिती. या बिल्ल्याच्या कार्डावर मी दोन वर्षांपूर्वी ‘स्थिती’पुढे लिहिलं होतं, मूळ रंग कायम. दसऱ्याच्या दिवशी दुपारी मी कार्ड काढलं. त्या तीन शब्दांवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: घासलेला. चिंच, मीठ, रांगोळी. एकाच दिशेने.